उगमाची तारीख

मशीननं तारीख सांगितली आणि उंडाळ्यांच्या घरात सगळेच्या सगळे एका दिवसात शास्त्रज्ञ झाले.

एरवी त्या घराचं आणि विज्ञानाचं फारसं जमत नसे. सोलापुरात शाळांचे गणवेश शिवणारं हे जुनं शिंपी कुटुंब. सहा वर्षांच्या मिहिकाला रक्ताचा कॅन्सर झालाय हे कळलं, तेव्हा पहिलं म्हणणं निघालं ते असं, की लहान मुलांना कुठं कॅन्सर होतो का, रिपोर्ट बदलला असणार. मग शेजारणीनं आपली मुलं खेळायला पाठवायचं बंद केलं, लागण झाली तर म्हणून. शाळेनं मिहिकाचा डबा वेगळा ठेवायला सांगितला. कुणी म्हणालं साखर तोडा, कुणी म्हणालं फ्रिजचं पाणी तोडा. एक लांबचे मामा तर घरी येऊन, मुलीच्या समोर बसून, चहात बिस्किट बुडवत म्हणाले की यातून कुणी वाचत नसतं, उगाच पोरीचे हाल कशाला करता. मिहिकाची आई सानिका, तिनं त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि त्यांना दार दाखवलं. मामा अजून रुसलेले आहेत. रुसू देत.

तर अशी ही सानिका. घरच्याच कारखान्यात कटिंग बघते. कापडाचे थर एकावर एक लावायचे, वर खडूनं आखायचं आणि एका फेऱ्यात शेकडो बाह्या, शेकडो कॉलर कापून काढायच्या. आता लेसरची मशीनं आली आहेत, पण आखणीवर शेवटची नजर सानिकाची. तिची नजर चुकली की अख्खी शाळा आखूड पँटी घालून फिरणार, एवढी जबाबदारी.

रुग्णालयातल्या डॉक्टर फरहाना बागवान यांनी पहिल्याच भेटीत तिला समोर बसवून नीट सांगितलं होतं. मुलांचा हा कॅन्सर मोठ्या माणसांच्या कॅन्सरसारखा नसतो. तो लागत नाही, तंबाखूनं होत नाही, साखरेनं होत नाही. दहातली नऊ मुलं बरी होतात, पण औषध शेवटपर्यंत घ्यायचं, मधेच सोडायचं नाही. आणि झालंही तसंच. सुरुवातीच्या जोरदार उपचारांनी मिहिकाचं रक्त स्वच्छ दिसायला लागलं. टाळूवर बारीक केस उगवले. पण पुढचा उन्हाळा येईपर्यंत रोज गोळ्या घ्यायच्याच होत्या, कारण मशीनला दिसत नाहीत अशा चार-दोन पेशी कुठंतरी दडून बसलेल्या असतात, आणि औषध थांबलं की त्याच पुन्हा डोकं वर काढतात. नेमकी ही गोष्ट घरात कुणाच्या गळी उतरत नव्हती. रोग दिसत नाही ना, मग पोरीला ओकाऱ्या काढायला का लावता, असा सासूबाईंचा रोजचा सवाल.

त्यात ही उगम चाचणी आली.

चाचणी चांगली होती, दोष तिचा नाही. पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा आतला सगळा मजकूर नकलून काढावा लागतो, आणि एवढं नकलायचं म्हटल्यावर एखाददुसरं अक्षर चुकतंच. तुमच्याआमच्या अंगात रोज चुकतं. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, पण त्या पुसल्याही जात नाहीत, पुढच्या पेशींत तशाच उतरत राहतात. उगमचं मशीन हजारो पेशी सुट्या सुट्या वाचतं, कुणाकुणाच्या चुका सारख्या आहेत ते जुळवतं आणि त्यावरून पेशींची वंशावळ मांडतं. चुका साधारण ठरावीक गतीनं साठतात. त्यामुळं वंशावळीत मागं मागं गेलं की पहिली वाईट चूक कधी झाली असावी, हेही निघतं. डॉक्टरांना हवी होती ती वंशावळ, म्हणजे कुठली फांदी अजून जिवंत आहे ते कळावं आणि औषध तसं बेतता यावं. तारीख त्यात आपोआप निघायची. तिचा कुणाला काही उपयोग नव्हता, पण रिपोर्टात ती छापून यायची.

मिहिकाच्या रिपोर्टात आलं होतं, की दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून चुकीच्या जागी जोडले गेले. अंदाजे काळ, गर्भाचा पाचवा महिना, मार्च दोन हजार चौतीस.

सासूबाईंनी, वंदनाबाईंनी, एवढं ऐकलं आणि मोबाइलवर चौतीस सालचं पंचांग उघडलं. त्या मार्चमध्ये सूर्यग्रहण होतं.

हे ग्रहण घरात कुणी विसरलं नव्हतं, कारण त्या वेळी घरातल्या दोन्ही सुना गरोदर होत्या. गरोदर बाईनं ग्रहणात काही कापलं, चिरलं, शिवलं तर पोटातलं मूल अधू होतं, असं वंदनाबाईंच्या आईनं सांगितलेलं, तिच्या आईनं तिला सांगितलेलं. थोरली सून श्रद्धा वेध लागल्यापासून आतल्या खोलीत पडदे ओढून बसली. सुई नाही, सुरी नाही, तोंडात घास नाही. वंदनाबाई स्वतः तिच्यासोबत बसून होत्या. धाकटी सानिका मात्र डबा उचलून कारखान्यात गेली. लातूरच्या कुठल्याशा शाळेची ऑर्डर अडकली होती. दुपारभर तिनं निळ्या पँटी कापल्या आणि संध्याकाळी घरी येऊन हसत सांगितलं की ग्रहण सुटलं आणि ऑर्डरही सुटली. त्या हसण्याचा राग वंदनाबाईंनी इतकी वर्षं जपून ठेवला होता.

"मी म्हणत नाही, आता मशीनच म्हणतंय," त्या म्हणाल्या. "तुकडे तुटले असं लिहिलंय की नाही? आणि त्या दिवशी तू काय करत होतीस? तुकडेच पाडत होतीस."

आता याला काय म्हणायचं. दोन दिवसांत भावकीत बातमी पसरली. एरवी इंजेक्शनला घाबरणाऱ्या आत्यासुद्धा फोनवर गुणसूत्रं, गुणसूत्रं करू लागल्या. उगमची तारीख पाठवा, दोष जुळवून देतो, असं म्हणणारे ज्योतिषीही मोबाइलवर निघाले होते, आणि त्यांच्याकडं रांग होती. सानिकाचा नवरा संकेत स्वभावानं मऊ माणूस, पण भीतीनं पार पिचून गेलेला. तोही रात्रंदिवस मोबाइलात डोकं घालून ग्रहणं शोधत बसला.

मग घरात ठरलं. कारण सापडलंय, तेव्हा उपाय कारणावरच करायचा. रविवारी ग्रहणाची शांत करायची. सानिकानं सगळ्यांसमोर आपली चूक कबूल करायची आणि त्या दिवसापासून गोळ्या बंद. शांत होईपर्यंत तिनं मुलीला आपल्या हातानं भरवायचंही नाही. वंदनाबाई हे मुलीच्या भल्यासाठीच म्हणत होत्या, हे सानिकालाही कळत होतं, आणि म्हणूनच तिला जास्त संताप येत होता. पण ती खरी घाबरली ती संकेतच्या बोलण्यानं. तो म्हणाला की थोडे दिवस बंद ठेवून बघायला काय हरकत आहे, रिपोर्ट तर स्वच्छ आहेत.

हे ठरलं त्या दिवसापासून सानिका गोळ्यांचा डबा पर्समध्ये घालून कारखान्यात न्यायला लागली. मिहिकाही सोबत. दुपारी कापडाच्या ताक्यांवर बसवून ती मुलीला केळ्याच्या फोडीत गोळी घालून भरवायची. आपल्याच मुलीला आपल्याच कारखान्यात चोरून औषध देतोय, या विचारानं तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि तरी एका दुपारी ती डॉक्टर बागवानांसमोर जाऊन बसली आणि खाली मान घालून तिनं विचारलं, "खरं सांगा मॅडम. मी कापलं म्हणून झालं का?"

इतके दिवस सगळ्यांना उलटून बोलणाऱ्या बाईनं हे विचारावं, याचं डॉक्टरांना फार वाईट वाटलं. त्यांनी बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं. नव्यानं जन्मलेल्या शंभर बाळांत एखाद्याच्या रक्तात तरी हीच चूक असते, त्या म्हणाल्या. यात आईबापांकडून काही येत नाही, आईच्या खाण्यापिण्या-वागण्याचा काही संबंध नसतो. आणि ही चूक म्हणजे रोग नव्हे. ती असणाऱ्या शंभर मुलांतल्या नव्याण्णवांना पुढं काहीच होत नाही, ती आपोआप विरून जाते. एखाद्याच मुलात काही वर्षांनी दुसरी चूक होते आणि तेव्हा रोग सुरू होतो. ती दुसरी चूक का होते, हे आम्हाला अजून पुरतं माहीत नाही, हेही त्यांनी सरळ सांगून टाकलं. तारखेचं म्हणाल तर मशीनचा अंदाज महिनाभर मागंपुढं होतो. एवढ्या दिवसांत शोधलं तर ग्रहण सापडेल, होळी सापडेल, घरातलं भांडणसुद्धा सापडेल.

सानिकाला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मग तिनं एक आशा धरून विचारलं. या तपासणीत तुलनेसाठी त्याच वयाचं एक निरोगी मूल घेत असत, आणि मिहिकाच्या वेळी श्रद्धाच्या समर्थचं रक्त घेतलं होतं. त्याचं काय निघालं? डॉक्टर एकदम सावध झाल्या. ते त्याच्या आईबापांना सांगायचं, बाकी कुणाला नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी जेवायच्या सुट्टीत श्रद्धा कटिंगच्या खोलीत आली आणि तिनं आतून कडी लावली. श्रद्धा म्हणजे घरातली शहाणी सून. कधी आवाज नाही, कधी उलट उत्तर नाही. दोघी जावांचं भांडण नव्हतं, तसं फारसं गूळपीठही नव्हतं. तिनं न बोलता मोबाइल सानिकासमोर धरला. समर्थचा रिपोर्ट होता. तेच दोन तुकडे, तीच चुकीची जोड, तोच पाचवा महिना. शेवटी डॉक्टरांचा शेरा होता: खूण पुसट होत चालली आहे, मूल निरोगी आहे, उपचारांची गरज नाही.

"मी जागची हललेसुद्धा नव्हते गं," श्रद्धा म्हणाली.

खोटं कशाला बोलायचं, सानिकाला आधी आनंदच झाला. असा आनंद, की कापडाचा ताका डोक्यावर घेऊन घरभर नाचावं आणि सासूबाईंच्या नाकासमोर तो मोबाइल धरावा. घ्या, ही तुमची पडदे ओढून बसलेली सून आणि हा तिचा मुलगा. मग तिचं श्रद्धाच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं. श्रद्धा म्हणत होती की बागवानबाईंनी दोनदा समजावलंय, योगायोग आहे, काही होणार नाही, कळतंय मला. पण हे बाहेर फुटलं तर समर्थचाही डबा वेगळा ठेवतील. त्याला कुणी खेळायला घेणार नाही. साधी सर्दी झाली तरी लोक माझ्याकडं बघतील. एवढं बोलून ती थांबली आणि म्हणाली, "पण तू सांगितलंस तर तू सुटशील. मी तुला अडवणार नाही."

सानिका संध्याकाळपर्यंत काम करत राहिली, पण खडू दोनदा चुकला. सुटायचं तर तिला होतंच. रोजची ती नजर, संकेतचा तो उतरलेला चेहरा, सगळं एका फटक्यात संपलं असतं. पण जितका विचार करावा तितका तिला वेगळाच राग येत गेला. सुटायला मी गुन्हा केलाय कुठं? सहा वर्षांचं एक पोर पुढं करून मी माझा निर्दोषपणा सिद्ध करायचा, आणि उद्या त्या पोराच्या आईनं कुणाचं पोर शोधायचं? घरी जाताना तिनं श्रद्धाला एवढंच सांगितलं, की ताई, तुमचा रिपोर्ट तुमच्यापाशी ठेवा, माझं मी बघते.

रविवारी हॉल पाहुण्यांनी भरला होता. आत्या, काका, शेजारीण, झाडून सगळे. रुसलेले मामासुद्धा जेवण आहे म्हटल्यावर आले होते. अक्कलकोटहून आलेले गुरुजी मांडणी करून बसले. डोक्याला रुमाल बांधलेली मिहिका समर्थशेजारी बसून फुलांच्या पाकळ्या मोजत होती. वंदनाबाईंनी सानिकाला पुढं बोलावलं आणि म्हणाल्या की बोल आता, देवासमोर एकदा कबूल कर आणि तो डबा माझ्याकडं दे.

सानिका उठून उभी राहिली. पर्स तिनं काखेत घट्ट धरली होती.

"त्या दिवशी मी कापड कापलं," ती म्हणाली. "दुपारभर कापलं. त्यात चूक काही नव्हती, म्हणून कबूल करायचंही काही नाही. पुन्हा दिवस गेले आणि पुन्हा ग्रहण आलं तरी मी कापेन. शांत करायची तर खुशाल करा, मी जेवायलाही वाढते. पण माझ्या मुलीची गोळी बंद होणार नाही. ज्याला बंद करायची असेल त्यानं माझ्या हातातून डबा काढून घेऊन दाखवावा."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. गुरुजींनी घसा खाकरून सांगितलं की औषध बंद करा असं आपण कधीच म्हटलेलं नाही, पण त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. सगळे संकेतकडं बघत होते. तो उठला. त्याचे डोळे लाल झाले होते. घरातली शोभा होते आहे, आजच्या दिवस तरी ऐक, असं काहीतरी पुटपुटत त्यानं पर्सचा बंद धरला. सानिकानं सोडला नाही. नवराबायको भर पाहुण्यांत एका पर्सची ओढाताण करत उभे राहिले आणि मिहिका पाकळ्या टाकून आईकडं बघायला लागली.

"भाऊजी, सोडा ते," मागून श्रद्धा म्हणाली.

तिचा आवाज त्या घरात इतका मोठा कुणी ऐकला नव्हता. तिनं समर्थला जवळ ओढून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. याच्याही रक्तात तीच खूण आहे. त्याच महिन्यातली. हा ठणठणीत आहे आणि ठणठणीतच राहणार आहे. आणि मी त्या दिवशी काय करत होते, ते आईंना विचारा, त्या माझ्याजवळ बसून होत्या.

सानिका तिच्याकडं बघतच राहिली. आता तरी लोकांच्या डोक्यात उजेड पडेल असं तिला वाटलं. पण लोक ते लोकच. कोपऱ्यातल्या आत्या लगेच म्हणाल्या की मग श्रद्धानंच काहीतरी केलं असणार, आता सांगत नाही एवढंच. दोन-तीन माना डोलल्याही. श्रद्धाचा चेहरा पांढरा पडला. शेजारणीनं आपल्या मुलाला समर्थपासून हळूच बाजूला घेतलं.

"तिनं काही केलं नाही," वंदनाबाई म्हणाल्या.

त्या पाटावर बसल्या होत्या. समर्थकडं बघत होत्या. नातवंडांत त्यांचा सगळ्यात जीव त्याच्यावर.

"मी केलं," त्या म्हणाल्या. "तिला भर ग्रहणात घेरी आली. ओठ सुकले होते. मी लिंबू चिरलं आणि सरबत पाजलं. माझ्या हातानं चिरलं. मेलं कुणाला सांगितलं नाही." आणि त्यांनी वर मान करून सानिकाला विचारलं, "म्हणजे माझ्यामुळंच झालं का गं हे?"

सानिकानं नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. काही बोलायचीही गरज नव्हती. इतके महिने ज्या बाईनं तिला छळलं ती आज स्वतःच्याच फासात अडकून तिच्यासमोर बसली होती. एक क्षणभर तिला ते फार बरं वाटलं. पण तिनं वंदनाबाईंचे डोळे पाहिले आणि ते तिला ओळखीचे वाटले. डॉक्टर बागवानांसमोर खाली मान घालून बसली होती तेव्हा तिची स्वतःची अवस्था अशीच होती. ही अवस्था ती आपल्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ देणार नव्हती.

ती वंदनाबाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

"नाही आई. लिंबानं काही झालं नाही. घेरी आलेल्या बाईला सरबत दिलंत, चांगलं केलंत. तुमचा दोष नाही, ताईंचा नाही." तिनं श्वास घेतला. "पण मग माझाही नाही. लिंबू माफ आणि कापड गुन्हा, असं मी चालू देणार नाही. सुटायचं तर आपण तिघी एकदम सुटू."

संकेतच्या हातातून पर्सचा बंद केव्हाच सुटला होता. सानिकानं डबा उघडला, पूजेतल्या फळांतलं एक केळं सोललं, फोडीत गोळी घातली, ती फोड चमच्यात घेतली आणि चमचा वंदनाबाईंच्या हातात दिला. मग तिनं मिहिकाला हाक मारली. मिहिका येऊन आजीसमोर उभी राहिली आणि सवयीनं तिनं आ केला.

चमचा हातात धरून वंदनाबाईंनी बराच वेळ नातीच्या तोंडाकडं पाहिलं. आत जिभेवर औषधानं आलेले फोड होते.

"ही रोज असते?" त्यांनी विचारलं.

"रोज. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. एकही चुकवायची नाही."

तिकडं मुहूर्त टळायला आला म्हणून काकांनी गुरुजींना खूण केली आणि गुरुजींनी मंत्र सुरू करायला तोंड उघडलं. वंदनाबाईंनी मान न वळवता डावा हात वर केला.

"थांबा गुरुजी," त्या म्हणाल्या. "आधी पोरीची गोळी होऊ दे."